शिडाच्या बोटीत टॉयलेट कुठे असावं? आतली मांडणी तिथूनच सुरू करा

बोटीची आतली मांडणी ठरवताना लोक आधी झोपायच्या जागा मोजतात, मग स्वयंपाकाचा ओटा, मग बसायचं टेबल. उरलेल्या कोपऱ्यात टॉयलेट बसवलं जातं. माझा आग्रह याच्या उलट आहे. लांबच्या सफरीसाठी शिडाची बोट घेत असाल, जुनी बोट आतून नव्याने बांधत असाल किंवा दोन आराखड्यांतून एक निवडत असाल, तर कागदावरची पहिली रेघ टॉयलेटची ओढा.

ओटा अडचणीचा असला तर माणूस थंड जेवून भागवतो. बंक अरुंद असला तर अंग चोरून झोपतो. शौचाला मात्र जावंच लागतं, मग समुद्र कसाही असो. जिथे जाणं जिवावर येतं तिथे जायचं माणूस टाळू लागतो. टाळायचं म्हणून पाणी कमी पितो, मग डोकं दुखतं, मळमळ वाढते आणि पहाऱ्यावर लक्ष लागत नाही. पुरुष मंडळी तर सरळ मागच्या कठड्याशी जाऊन उभी राहतात. रात्री, एकट्याने, एका हाताने दोरी धरून, हलत्या बोटीवर! टॉयलेटची जागा चुकली की त्याची किंमत अशी वसूल होते, आणि ती कुठल्याच आराखड्यावर दिसत नाही.

मी बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याचं काम करते. त्यामुळे दर वेळी परकी बोट, परकी मांडणी आणि बहुतेकदा मालकाने निवडलेला नव्हे तर हवामानाने दिलेला समुद्र. आमची स्वतःची बोट ११ मीटरची आहे, एका पोटाची, आणि तिचं आतलं सुतारकाम आम्ही दोघांनी केलं. पुढे लिहिलंय ते या दोन्ही कामांतून पक्कं झालेलं मत आहे.

कुठलीही मांडणी तपासताना मी एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवते. पहाटेचे तीन वाजलेत, अंगात भिजलेलं ऑइलस्किन (पाणी अडवणारे वरचे कपडे) आहे, त्यावर लाइफजॅकेट आणि हार्नेस (बोटीला अडकवून घ्यायचा पट्टा) आहे, बोट वाऱ्याविरुद्ध चालली आहे आणि २० अंश कललेली आहे. या माणसाला कॉकपिटमधून, म्हणजे वरच्या सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, खाली उतरून, कुणालाही न उठवता, काहीही न भिजवता बसता यायला हवं, उठता यायला हवं आणि पाच-सात मिनिटांत परत वर जाता यायला हवं. शांत बंदरात धक्क्याला बांधलेल्या बोटीत कुठलंही टॉयलेट चांगलंच वाटतं.

नाळेकडे, मध्ये, की जिन्यापाशी

जुन्या चौकोनी शिडांच्या जहाजांवर खलाशांची शौचाची जागा अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, उघड्यावर असे. ती जहाजं बहुतेक पाठीमागून किंवा बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालत, त्यामुळे वास पुढे निघून जाई आणि लाटेचे फवारे जागा धुऊन काढत. त्या जहाजांपुरतं ते अगदी शहाणपणाचं होतं. पुढे छोट्या बोटींत टॉयलेट आत आलं तरी राहिलं पुढच्याच बाजूला: टोकाला व्ही आकाराचा बंक, त्याच्या मागे एका बाजूला टॉयलेट, समोर कपड्यांचं कपाट, मग सलून, म्हणजे बसायची खोली. विसाव्या शतकातल्या ९–१० मीटरच्या असंख्य बोटी अशाच आहेत.

या मांडणीचे फायदे खरे आहेत. नांगरावर असताना पुढच्या हॅचमधून (छतातल्या झाकणाच्या झरोक्यातून) वारा येतो, स्वयंपाकापासून अंतर राहतं, पुढच्या केबिनमधल्या जोडप्याला स्वतःची खोली मिळाल्यासारखं वाटतं. बोट मुख्यतः शनिवार-रविवारी बाहेर पडणार असेल आणि रात्री नांगरावरच जाणार असतील, तर ती वाईट नाही.

समुद्रात मात्र हिशेब बदलतो. बोट लाटांवर पुढे-मागे झुलते तो आस साधारण मध्यावर, बहुतेक बोटींत मध्यापासून थोडा मागे असतो. या आसापासून साडेचार मीटर पुढे टॉयलेट आहे आणि बोट दोन्हीकडे ५ अंश झुलते आहे असं धरा. तिथे बसलेला माणूस ३९ सेंटिमीटर वर आणि तितकाच खाली जातो, म्हणजे एकूण पाऊण मीटरहून जास्त, तेही दर काही सेकंदांनी. आसापासून दीड मीटरवर बसलेल्या माणसाला हीच हालचाल २६ सेंटिमीटरची. बोट तीच, लाट तीच. पण पहिल्या जागी भांड्यातलं पाणी उसळून बाहेर येतं आणि दुसऱ्या जागी ते भांड्यातच राहतं. शिवाय पुढे जायचं म्हणजे ओल्या कपड्यांनिशी सगळं सलून ओलांडायचं आणि झोपलेल्यांच्या अंगावर पाणी ठिबकवत जायचं.

म्हणून ९ ते १३ मीटरच्या, खरोखर समुद्र ओलांडणाऱ्या बोटीत टॉयलेट जिन्याच्या पायथ्याशी, एका बाजूला असावं, असं माझं ठाम मत आहे. समोरच्या बाजूला गॅली, म्हणजे स्वयंपाकाची जागा. जिन्यावरून उतरलं की दोन पावलांत दार. ओलं ऑइलस्किन तिथेच काढून टांगायचं, खालच्या ट्रेमध्ये पाणी निथळतं आणि पंपाने बाहेर जातं. ओले कपडे टांगायचं वेगळं कपाट नसलं तरी चालतं, कारण टॉयलेटची खोलीच ते काम करते. ज्याला उलटी होतेय तोही वेळेत पोचतो. हे बोलायला संकोच वाटतो, पण नव्या खलाशांसोबतच्या पहिल्या दोन दिवसांत ही जागा सगळ्यात जास्त त्यासाठीच लागते.

याचा तोटा म्हणजे पिछाडीच्या एका बाजूचा लांब बंक किंवा दुहेरी केबिनमधली काही रुंदी जाते. जाऊ द्या. दोन मागच्या केबिन असलेली बोट भाड्याने द्यायला सोयीची असते, चार जणांनी समुद्रात राहायला नाही. दुसरा तोटा म्हणजे नकाशाचं टेबल शेजारी आलं तर तिथे बसलेल्याला सगळं ऐकू येतं. त्यावर मधल्या भिंतीत जाड प्लायवूड आणि आवाज शोषणारा थर, इतकंच करता येतं.

मध्यभागी, डोलकाठीच्या भिंतीपाशी टॉयलेट असलेली बोट मिळाली तर हालचालीच्या दृष्टीने ती उत्तमच, फक्त सलून आखूड होतं. कटमरान, म्हणजे दोन पोटांची बोट, फारशी कलत नाही, पण तिचे धक्के आखडलेले आणि झटपट असतात. तिथे टॉयलेट पोटाच्या मध्याकडे आहे ना एवढं पाहा, टोकाकडचं टाळा.

दोन टॉयलेटं हवीत का, हा प्रश्न हमखास येतो. १२ मीटरपर्यंत माझं उत्तर नाही असंच आहे. दुसरं टॉयलेट म्हणजे दुसरा पंप, मैला साठवायची दुसरी टाकी किंवा निदान दुसरा व्हॉल्व्ह, बोटीच्या पोटाला आणखी दोन ते चार भोकं आणि एक मोठं कपाट कमी. ती जागा शिडं, सुटे भाग, पाणी ठेवायला द्या. मोठ्या बोटीत सहा माणसं असतील तर एक मागे, एक पुढे असं चालेल. मात्र निघताना पुढचं बंद करून त्याचे सीकॉक, म्हणजे बोटीच्या पोटातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह, मिटवायचे आणि ते बंदरातच वापरायचं.

बसणाऱ्याचं तोंड कुणीकडे

याबद्दल खलाशांमध्ये वाद आहेत, आणि दोन्ही बाजूंना अनुभव आहे.

बोटीच्या बाजूला पाठ आणि आतल्या बाजूला तोंड, अशी भांडी खूप बोटींत असतात, कारण ती बसवायला सोपी. बोट त्या बाजूला कलली की पाठ भिंतीला टेकते आणि माणूस निवांत बसतो. पण बोट दुसरीकडे वळली, शीड पलटलं, की तोच माणूस पुढे दाराकडे घसरतो. समोरची भिंत भांड्याच्या पुढच्या कडेपासून ६०–७० सेंटिमीटरवर असेल तर पाय रोवता येतात. दीड मीटर मोकळी जागा असेल तर रोवायला काहीच नाही. दाखवायच्या बोटींत ही मोकळी जागा ऐसपैस म्हणून मिरवली जाते. समुद्रात ती धोक्याची असते.

मला तोंड पुढे-मागे असलेलं भांडं आवडतं, तेही पाठ नाळेकडे आणि तोंड पिछाडीकडे. कलण्याचा भार खांद्यांवर येतो, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती खांद्याच्या जवळ असतील तर तो सहज पेलतो. बोट लाटेवर आदळून क्षणभर थबकते तेव्हा अंग नाळेच्या दिशेला फेकलं जातं. पाठीशी भिंत असेल तर ती धरून ठेवते. यासाठी खोलीची रुंदी ६० ते ७० सेंटिमीटर पुरे. त्याहून रुंद खोली असेल तर एका बाजूला कमरेच्या उंचीचं कपाट करून ती मुद्दाम अरुंद करा.

आणि समुद्रात सगळ्यांनी बसायचं. हा नियम माझ्या बोटीवर पहिल्याच दिवशी सांगितला जातो, कुणालाही सूट नाही. साफ कोण करतो त्याला विचारा.

खडू, खुर्ची आणि फळ्या

आराखड्यावरून काही कळत नाही. जमिनीवर खडूने टॉयलेटच्या खोलीचं खरं माप आखा, भिंतींच्या जागी पुठ्ठे उभे करा, दाराचं भोक कापा. बसायची उंची पायांखालच्या पातळीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. बोटीची भांडी बुटकी असतात, म्हणून ती चौथऱ्यावर बसवतात. चौथरा फार उंच झाला की पाय लटकतात, आणि लटकते पाय समुद्रात काही उपयोगाचे नाहीत. बसल्यावर डोक्यावर मोकळी जागा हवी, विशेषतः पुढे वाकून उठताना, कारण बोटीची बाजू वर आत झुकत येते आणि कपाळ तिथेच आपटतं.

मग खुर्ची आणा. तिच्या एका बाजूच्या दोन पायांखाली १४ सेंटिमीटरची फळी सरकवा. पायांमधलं अंतर ४० सेंटिमीटर असेल तर ती जवळपास २० अंश कलते. ऑइलस्किनची विजार, बूट, लाइफजॅकेट सगळं चढवा आणि तिच्यावर बसा. विजार खाली करा. कागद घ्या. उठा. नंतर फळी दुसऱ्या बाजूला घालून पुन्हा सगळं करा. हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा, तिथेच कठडा बसवायचा. मला हा प्रयोग सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात बोटीवर रोज राहणाऱ्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला बसवून पाहता येतं. दोघांच्या खुणा वेगळ्या येतात. तेव्हा आडवा दांडा न लावता उभा दांडा लावा, ज्याला जिथे हवं तिथे धरेल.

कठडे भिंतीच्या पातळ पट्टीत स्क्रूने अडकवू नका. आरपार बोल्ट, मागे पाठफळी. ८० किलोचा माणूस तोल जाताना संपूर्ण वजनानिशी त्याला लोंबकळणार आहे.

दार बाहेर उघडणारं असावं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. बाहेर उघडायला जागा नसेल तर दोन पानांचं घडीचं दार घ्या. कडी दोन्ही बाजूंनी उघडता यावी आणि उघडं दार भिंतीला पक्कं अडकवता यावं, नाहीतर दर लाटेला ते आपटेल. चौकटीचे कोपरे गोल करून घ्या. दिव्यांत एक मंद लाल दिवा हवाच, कारण पांढऱ्या दिव्याने अंधाराला सरावलेली नजर जाते आणि ती पुन्हा यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

नळ्यांचं गणित जागेला बांधलेलं असतं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण बोटी बुडतात त्या इथे. बोटीतलं भांडं पुष्कळदा पाणरेषेच्या बरोबरीला किंवा खाली असतं, आणि त्याला समुद्राशी जोडणाऱ्या दोन नळ्या असतात: पाणी आत आणणारी साधारण १९ मिलिमीटरची आणि मैला बाहेर नेणारी ३८ मिलिमीटरची. पंपातल्या झडपेत कागदाचा तुकडा जरी अडकला तरी सायफन सुरू होऊन समुद्र भांड्यातून आत येऊ शकतो. धक्क्याला बांधलेली, कुणी नसलेली बोट अशी भरून जाते.

उपाय म्हणजे व्हेंटेड लूप: नळीला वर नेऊन उलट्या यू सारखं वळवायचं आणि माथ्यावर हवा आत घेणारी झडप ठेवायची. बाहेरच्या नळीवर तो पंप आणि सीकॉकच्या मध्ये येतो. आत येणाऱ्या पाण्यासाठी मात्र हातपंपाच्या टॉयलेटवर तो पंप आणि भांड्याच्या मध्ये लावायचा. पंपाच्या आधी लावला तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. हा माथा बोट जास्तीत जास्त कललेली असतानाच्या पाणरेषेपेक्षा निदान २० सेंटिमीटर वर हवा.

आता खरी गोम बघा. मध्यरेषेपासून जितके लांब जाल तितकी कललेल्या बोटीची पाणरेषा वर चढते. २० अंशाला दर मीटरमागे ३६ सेंटिमीटर, ३० अंशाला ५८. लूप मध्यरेषेपासून दीड मीटरवर, बोटीच्या बाजूला चिकटवून लावलात तर २० अंशाला तिथे पाणी ५५ सेंटिमीटर वर आलेलं असतं आणि ३० अंशाला ८७. वरचे २० मिळवले की माथा स्थिर पाणरेषेच्या १०७ सेंटिमीटर वर न्यावा लागतो, म्हणजे पुष्कळ बोटींत थेट डेकला टेकतो. तोच लूप आतल्या भिंतीवर, मध्यरेषेपासून अर्ध्या मीटरवर लावला तर ३० अंशालाही ४९ सेंटिमीटर पुरतात. म्हणून टॉयलेटची आतली भिंत डेकपर्यंत सलग ठेवा आणि नळ्या तिच्यावरून न्या. ती भिंत आधीच आखलेली नसेल तर हे नंतर जमत नाही.

पाणी आत घेणारं भोक पुढे आणि खाली, बाहेर सोडणारं मागे आणि वर. उलट झालं तर सोडलेलं पाणी पुन्हा आत येईल. दोन्ही सीकॉक भांड्यावर बसल्या बसल्या हाताला लागले पाहिजेत. जे लागत नाहीत ते कुणी बंद करत नाही. प्रत्येक जोडावर नळी आवळणाऱ्या स्टेनलेसच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येक सीकॉकला बांधलेली, भोक बुजवायची मऊ लाकडाची निमुळती खुंटी.

नळी जितकी आखूड तितकं बरं. ३८ मिलिमीटरच्या एक मीटर नळीत १.१ लिटर मावतं. तीन मीटर नळी असेल तर ती रिकामी व्हायला प्रत्येक वेळी साडेतीन लिटर पाणी ढकलावं लागतं. तेवढे पंप पहाटे तीनला कुणी मारत नाही. मग मैला नळीतच राहतो, लघवी आणि समुद्राचं पाणी मिळून पांढरा चुनखडीसारखा थर धरतो, ३८ ची नळी हळूहळू अंगठ्याएवढी होते. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर टाकून काही तास ठेवलं तर थर धरणं बरंच लांबतं. तसंच, बोट सोडून जाताना भांडं गोड्या पाण्याने धुवा. साठलेल्या समुद्राच्या पाण्यातले सूक्ष्मजीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. लोक त्याचा दोष मैल्याला देतात, पण तो पाण्याचा असतो.

वास नळीतून येतोय का, हे शोधायला गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळा, थंड होऊ द्या, आणि बाजूला नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर ती नळी बदला. घासून, फवारून काही होत नाही, कारण वास रबरातून आतून बाहेर झिरपलेला असतो.

टाकी

एका माणसाचे दिवसाला पाच फ्लश, प्रत्येकी दोन लिटर धरले तर दोघांचे २० लिटर. ६० लिटरची टाकी तीन दिवसांची. हे हिशेब काटकसरीने पंप मारणाऱ्यांचे आहेत, पाहुणे आले की दोन दिवसही पुरत नाही.

टाकी भरली की तितके किलो वजन झालं. १०० लिटरची टाकी नाळेत व्ही बंकखाली ठेवली तर पुढचं टोक जड होतं आणि बोट लाटांत जास्त डुंबते. वजन टोकांना नको, मध्ये हवं, या साध्या नियमाने पाहिलं तरी टॉयलेट मागे-मध्ये असणं सोयीचं पडतं, कारण टाकीही आपोआप जवळ येते. मला टाकी पाणरेषेच्या वर, टॉयलेटच्या मागे, बाजूला लावलेली आवडते. मैला वर पंप करायचा आणि सोडायच्या वेळी फक्त खालचा सीकॉक उघडायचा. विजेचा पंप लागत नाही, बिघडायला काही उरत नाही. हवेची नळी मात्र कंजूसपणे बारीक घेऊ नका. २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, किंवा दोन. टाकीत हवा खेळली तर ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू टिकतात आणि वास खूपच कमी राहतो.

नियम जिथे असाल तिथले पाळायचे. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराचं चौथं परिशिष्ट २००३ पासून लागू आहे, ते ४०० टनांवरच्या किंवा १५ हून जास्त माणसांच्या जहाजांसाठी आहे. त्यात प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, निदान ४ नॉटने (ताशी ४ सागरी मैलांनी) चालत असताना सोडायचा. आपल्यासारख्या बोटींना बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाचा कायदा लागतो. अमेरिकेत ३ मैलांच्या आत प्रक्रिया न केलेलं काहीही सोडता येत नाही आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून पक्का अडकवावा लागतो. पण कायदा नसला तरी शांत खाडीत, जिथे शेजारच्या बोटीवरची पोरं पोहतायत तिथे, टाकी उघडणाऱ्याला मी माझ्या बोटीवर दुसऱ्यांदा घेत नाही.

कोरडं टॉयलेट हा दुसरा रस्ता आहे. नेचर्स हेड, एअर हेड यांसारख्या ब्रँडच्या टॉयलेटांत लघवी वेगळी होते, पोटाला भोक नाही, टाकी नाही. लघवीची बाटली साधारण ८ लिटरची. माणशी दिवसाला दीड लिटर धरलं तर दोघांना अडीच दिवसांनी ती रिकामी करावी लागते. कललेल्या बोटीत आठ किलोची बाटली घेऊन जिना चढायचा हे लक्षात ठेवून तिची जागाही जिन्यापाशीच हवी. हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा सतत चालू ठेवावा लागतो. दोघांच्या बोटीला मी हे मनापासून सुचवते, सतत बदलत्या खलाशांच्या बोटीला नाही, कारण ते वापरायला शिकवावं लागतं.

हवा, पाणी, बेसिन

टॉयलेटवर उघडणारी खिडकी समुद्रात बंदच असते, तेव्हा दुसरी वाट हवी. ओलिन स्टीव्हन्स यांनी आखलेल्या आणि १९३१ ची अटलांटिक शर्यत जिंकणाऱ्या 'डोराड' या बोटीवरची हवेची पेटी आजही त्याला तोड नाही: हवा आत येते आणि लाटेचं पाणी पेटीतून बाहेर निथळतं.

अंघोळीचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सोडू नका. साबण, केस, कातडीचा मळ तिथे कुजतो आणि मग सगळ्या बोटीला तो वास धरतो. एकसंध ट्रे, त्याचा स्वतःचा खड्डा आणि स्वतःचा पंप. लाकडाच्या कडा ट्रेच्या आत येऊ देऊ नका. बेसिन मध्यरेषेच्या जितकं जवळ तितकं कललेल्या बोटीत निचऱ्याच्या नळीतून उलटं भरत नाही. आणि एक युक्ती: बेसिनचा निचरा आणि टॉयलेटचं पाणी आत घेणारी नळी एकाच सीकॉकवर टी आकाराचा जोड लावून जोडली, तर सीकॉक बंद करून बेसिनमध्ये गोडं पाणी ओतायचं आणि पंप मारायचा. सगळी व्यवस्था गोड्या पाण्याने धुतली जाते, वेगळी टाकी लागत नाही.

मग बाकीची बोट

टॉयलेट जिन्यापाशी बसलं की उरलेलं बरंचसं आपोआप ठरतं. समोर यू आकाराची गॅली, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यालाही कमी हालचाल आणि टेकायला कठडे. त्याच्या पुढे सलूनमध्ये दोन सरळ बाकं, प्रत्येकी निदान १.९ मीटर लांब, कडेला कापडी आडोसा लावता येईल अशी. समुद्रात झोपायच्या खऱ्या जागा याच. वळणदार बाकं दिसायला छान, पण त्यांवर कुणी झोपू शकत नाही. पुढचा व्ही बंक बंदरासाठी आणि समुद्रात शिडांच्या पिशव्यांसाठी.

जुन्या बोटीत टॉयलेट पुढे असेल आणि हलवणं शक्य नसेल तर जिन्यापाशी ओल्या कपड्यांना एक खण करा, पुढे जाणाऱ्या वाटेवर छतालगत सलग कठडा लावा, आणि मोठ्या समुद्रासाठी दोरीच्या कडीची, झाकण असलेली बादली जिन्याखाली एका ठरलेल्या जागी बांधून ठेवा. तिच्याभोवती ओढायला पडदाही लावा. बादलीला कमी लेखू नका. तिला झडप नाही, नळी नाही, आणि ती बोटीच्या मध्यावर वापरता येते.

शेवटी दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, एक पाटी लावा. आमच्या बोटीवरची अशी आहे: "सीकॉक उघडा. पाणी घेऊन चार पंप. बसूनच. खाल्लेलं नाही ते काही टाकू नका, कागद पिशवीत. पाण्यासह दहा पंप, कोरडे पाच. दोन्ही सीकॉक बंद. हात फिरवून पुन्हा पाहा." नवं माणूस आलं की पाटी असूनही मी एकदा समोर उभं राहून हे करवून घेते, कारण नळीला आडव्या हँडलचा अर्थ बंद असा होतो हे सगळ्यांना माहीत नसतं.